पट्टी

लायल बर्डेट म्हातारा आहे,
ही आमच्या घरात सिद्ध करायची गोष्ट नव्हती.
आवाजच सांगायचा:
जाड, दमलेला, शब्द ओढत नेणारा,
मोतीबागेहून सुटलेल्या छोट्या गाडीसारखा,
जी चढाला लागली की पोरं उतरून बाजूनं चालायची.

कॅसेट दिली गार्ड रोझारियोनं,
कडबी चौकाजवळचं क्वार्टर रिकामं करून
पर्थला निघताना. सोबत एक गिटार, पाच तारांची.
सहावी अनोमदादानं सायकलच्या ब्रेकच्या केबलमधून काढली,
पीळ सोडवत, बोटं कापून घेत.

कॅसेटच्या कागदावर इंग्रजी सहा ओळी,
तेवढंच आमच्याकडे त्याचं चरित्र.
ओहायो. बाप टायरच्या कारखान्यात.
सतराव्या वर्षी घर सोडलं.
दुसरी रेकॉर्ड गाजली.
तिसरीच्या आधी ड्रमवाला गेला.
सहाव्या ओळीवर रोझारियोच्या चहाचा डाग.
दादानं जन्मभर तो डाग वाचला.
कधी म्हणे, जेल झाली असन.
कधी, हात गेला असन मशीनमधी, बापासारखा.
बापाचा हात गेला, हे कुठं लिहिलं होतं?
आमच्या बाबाचा गेला होता. गिरणीत.

मे महिन्यात इंदोऱ्यातले सगळे कूलर एकदम लागायचे,
बल्ब पिवळा पडायचा
आणि लायल आणखी खचायचा.
आई वाळ्याच्या टट्ट्यावर पाणी मारत म्हणायची,
बंद कर रे, झोपू दे त्या बुढ्याले.

दादानं दहाही गाणी उचलली, त्याच पट्टीत,
पांढरी दोन.
चौदा एप्रिलच्या रात्री ऑर्केस्ट्रात
भीमगीताच्या दोन कडव्यांमध्ये
एक तुकडा ओहायोचा सोडून द्यायचा.
हार्मोनियमवर सोनटक्के गुरुजी, डोळे मिटलेले:
हा राग कोणता?
टायरचा, म्हणायचा दादा.

परवा उत्पलानं फोनवर लायल लावला,
मुळातली रेकॉर्ड.
पहिल्याच ओळीला दादा उठून बसला.
पांढरी तीन!
हा त पोरगा आहे.
चोवीस वर्षांचा, श्वास पुरू नये इतका घाईत,
गाणं संपायच्या आत
कुठली तरी गाडी पकडायची असल्यासारखा.
टेपचा पट्टा ढिला होता बे आपल्या,
दादा म्हणाला. मग बराच वेळ काहीच नाही.
पस्तीस वर्षं एका पोराला
आम्ही बुढा म्हणून ऐकलं.

डागाखालची ओळही सापडली.
जेल नव्हती. हात जागेवर होता.
बँड मोडल्यावर एकोणीस वर्षं
त्यानं शाळेची बस चालवली, एवढंच.
दादाला हसू आलं की राग, कळलं नाही.
विचारलं फक्त,
परमनंट होता का?

शेवटी एक अंधुक व्हिडिओ.
चर्चचं तळघर, घडीच्या खुर्च्या, पंधरा-वीस माणसं.
लायल बर्डेट, वय बहात्तर,
चष्म्याला दोरी, पायाशी पाण्याची बाटली.
आता वर पोचत नाही, म्हणून
खुंट्या सगळ्या उतरवून ठेवल्यात,
त्यानंच हसत सांगितलं,
उत्पलानं आम्हाला मराठीत.

दादानं पलंगाखालून गिटार ओढली.
कूलर बंद करायला लावला.
एकही खुंटी पिळली नाही.

पहिल्या कडव्याला तो लायलच्या मागं होता,
दुसऱ्याला बरोबर,
तिसऱ्याला जरासा पुढं.
एवढ्या हळू चालायची सवय
त्याला जास्त वर्षांची होती.